गेनला हात लावू नका, ट्रॅक खाली घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीला विश्रामबागेत घरातल्याच एका खोलीत अभंग रेकॉर्ड करायचा आहे. साहित्य म्हणजे एक कंडेन्सर माइक, दोन इनपुटचा इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी), लॅपटॉपवर रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) आणि बंद कपांचा एक हेडफोन. पेटी (हार्मोनियम) रेकॉर्ड करून झाली. आता तिच्यावर मित्र तबला वाजवायला बसला की त्याला क्लिक, म्हणजे लय दाखवणारी हेडफोनमधली टिकटिक, ऐकू येत नाही, आणि वाढवला तर क्लिकची टिकटिक माइकमध्ये उतरते. प्रश्न विचारणारे स्वतः गायला बसले की त्यांना स्वतःचाच आवाज सापडत नाही. म्हणून ते गेन (इंटरफेसवरचा माइकचा नॉब) वाढवतात, मग आवाज फाटतोय असं सांगणारा लाल दिवा लागतो. वरच्या षड्जाला गळा उतरतो, म्हणजे स्वर खाली पडतो, ते वेगळंच. शेवटी विचारलंय, 'पंधरा हजारांपर्यंत कोणता हेडफोन घेऊ?'

हेडफोन घेऊ नका. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं होईल. तुमच्याकडे आहे तो बंद कपांचा आहे, एवढं सध्या पुरे.

मी मिरजेत एका छोट्या खोलीत रेकॉर्डिंग करतो. भजनी मंडळं, शाळेची स्वागतगीतं, निवडणुकीच्या हंगामात प्रचाराची गाणी, जे येईल ते. त्याआधी बरीच वर्षं ऑर्केस्ट्राच्या साउंडवर होतो. तिथे मॉनिटर म्हणजे गायकाच्या पायाशी तिरका ठेवलेला स्पीकर, आणि रोजचं भांडण तुमचंच: 'दादा, माझा आवाज वाढव.' गायकाचा वाढवला की कीबोर्डवाला मागायचा, त्याचा वाढवला की ढोलकीवाला, आणि चौथ्या वाढवण्याला माइक शिट्टी मारायचा. माझ्या वस्तादांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की गायकाने वाढव म्हटलं की मान हलवायची, 'वाढवला' म्हणायचं आणि कीबोर्ड खाली घ्यायचा. गायक खूश, शिट्टीही नाही. उसाला पाणी पाजणारा माणूस हेच करतो. एका सरीला पाणी कमी पडलं तर तो मोटार बदलत नाही, शेजारच्या सरीचं तोंड मातीने बुजवतो.

तुम्ही गेन फिरवता तेव्हा तुम्ही मोटारीला हात घालताय. गेनचं काम एकच, माइकमधून आलेला बारीक विद्युतप्रवाह कॉम्प्युटरला नीट वाचता येईल इतका मोठा करणं. तुमच्या कानाला किती ऐकू येतं याच्याशी त्याचा संबंध नसावा. संबंध येतो तो फक्त वायरिंगमुळे, आणि त्यातूनच सगळा घोळ होतो.

तुम्ही पाठवलेल्या चित्रात पेटीच्या ट्रॅकची शिखरं थेट शून्याला, म्हणजे कॉम्प्युटरच्या कमाल पातळीला, टेकलेली दिसतात. म्हणजे तो नॉर्मलाइज केलाय, शिखर कमाल पातळीला पोचेल इतका मोठा केलाय. पेटीचा सूर भात्यावर सलग चालतो, त्याची सरासरी पातळी शिखराच्या बरीच जवळ असते. उलट गळ्याचा कच्चा आवाज, ज्यावर अजून काहीच प्रक्रिया झालेली नाही, तो शिखराला मायनस १२ डेसिबलवर असला तरी सरासरीला कितीतरी खाली असतो. एका ओळीत तो कुजबुजतो आणि पुढच्या ओळीत 'विठ्ठला' म्हणून हाक मारतो. आता या दोघांना एकाच हेडफोनमध्ये सोडलं तर पेटी तुमच्यापेक्षा दहा-पंधरा डेसिबलने पुढे बसलेली असते. तयार कॅरिओके ट्रॅक लावून गाणाऱ्यांचं तर याहून वाईट होतं, कारण तो ट्रॅक आधीच दाबून मोठा केलेला असतो. यात दोष ना हेडफोनचा, ना तुमच्या गळ्याचा.

तेव्हा उपाय असा. रीपरमध्ये पेटी, तानपुरा, क्लिक, जे जे म्हणून ऐकायचं आहे ते सगळे ट्रॅक एका फोल्डर ट्रॅकखाली घाला. त्याला 'साथ' नाव द्या. त्या एका फोल्डरचा फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) मायनस १५ वर आणा. आता सगळंच बारीक ऐकू येईल. मग हेडफोनचा नॉब वर घ्या, गेनचा नाही. तुमचा स्वतःचा आवाज समोर बसलेल्या माणसाशी बोलावं इतका आला की थांबा. मग 'साथ'चा फेडर हळूहळू वर आणा, पेटी शेजारी बसलीय असं वाटेपर्यंत. बहुतेकांच्या बाबतीत तो मायनस १० ते मायनस ८ च्या आसपास थांबतो. माझ्याकडे येणारी मुलं पहिल्यांदा हे करतात तेव्हा म्हणतात, 'अहो, माझा आवाज वाढवलात काय?' वाढवलेला नसतो.

गेन मात्र आधी एकदाच लावून टाकायचा. गाण्यातली सगळ्यात मोठी ओळ, तार सप्तकातली, खऱ्या जोराने गा. चाचणीत सगळे हळू गातात आणि रेकॉर्डिंगला जोर चढतो, म्हणून जोराने म्हणतोय. शिखर मायनस १२ च्या आसपास राहील असा नॉब लावा. नंतर जोर चढला तर मायनस ६ पर्यंत जाऊ दे, तेवढी जागा त्यासाठीच ठेवलीय. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करत असाल तर खाली भरपूर जागा आहे. कागदोपत्री १६ बिटला सगळ्यात बारीक ते सगळ्यात मोठ्या आवाजापर्यंत ९६ डेसिबलची झेप मिळते, २४ बिटला १४४ ची. घरातला पंखा, फ्रिज, रस्ता यांचा आवाजच त्या झेपेच्या खालच्या टोकापेक्षा कितीतरी वर असतो, तेव्हा लेव्हल कमी पडेल ही भीती जुन्या टेपच्या काळातली आहे. नॉबवर स्केच पेनने खूण करा आणि गाणं संपेपर्यंत त्याला विसरून जा. माझ्याकडे त्या नॉबवर चिकटपट्टीच असते.

ओघात आलं म्हणून सांगतो. गळीत हंगामात रात्री उसाचे ट्रॅक्टर डबल ट्रॉली ओढत आणि वर स्पीकर लावून जातात, तेव्हा बरेच जण 'आवाज येतोय' म्हणून गेन कमी करतात. गेन कमी केल्याने ट्रॅक्टर कमी होत नाही, तुम्हीही त्याच्याबरोबरच कमी होता. माइक जवळ घेतल्याने फरक पडतो. अंतर निम्मं केलं की गळा साधारण ६ डेसिबलने वर येतो आणि ट्रॅक्टर आहे तिथेच राहतो. तोंडापासून एक वीत, मध्ये पॉप फिल्टर (तोंडाची फुंकर अडवणारी जाळी). अंतर बदललं की गेन पुन्हा एकदा लावा आणि पुन्हा खूण करा.

आता वायरिंगचं. माइकमधला आवाज तुमच्या कानात दोन वाटांनी पोचू शकतो. एक वाट इंटरफेसच्या आतूनच, माइक ते थेट हेडफोन. याला डायरेक्ट मॉनिटर म्हणतात. दुसरी वाट लांबची: माइक, इंटरफेस, यूएसबी, रीपर, परत यूएसबी, परत इंटरफेस, हेडफोन. काही इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचा नुसता बटण-स्विच असतो, काहींवर मिक्स नावाचा नॉब असतो, त्याच्या एका टोकाला इनपुट आणि दुसऱ्या टोकाला प्लेबॅक. नॉब असेल तर तुम्ही भाग्यवान, तो मध्यापासून इनपुटच्या बाजूला थोडा सरकवला की बरंचसं काम होतं. नुसता स्विच असेल तर तुमचा स्वतःचा आवाज गेनवर ठरून गेलेला असतो आणि तुमच्या हातात फक्त 'साथ' उरते. म्हणून तर वरचा फोल्डरचा खटाटोप.

या दोन्ही वाटा एकाच वेळी चालू राहिल्या तर स्वतःचा आवाज डब्यात तोंड घालून गावं तसा येतो, किंवा मागून कोणी आपलीच नक्कल करतंय असा. तुम्ही लिहिलंय की 'आवाज पोकळ वाटतो', ते बहुधा हेच असेल. रीपरमध्ये ट्रॅकवर मॉनिटरिंगचं छोटं बटण असतं, ते बंद करा. रेकॉर्डचा लाल गोळा चालूच राहू दे. पोकळपणा गेला तर रोग सापडला.

लांबच्या वाटेला वेळ किती लागतो याचा हिशेब सोपा आहे. कॉम्प्युटर आवाजाचे सेकंदाला हजारो नमुने घेतो आणि ठरावीक नमुने साठले की मगच पुढे पाठवतो, त्या साठ्याला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुन्यांवर, बफर १०२४ असेल तर एका दिशेने २१ मिलिसेकंद, जाऊन-येऊन ४० च्या वर. बफर १२८ केला तर एका दिशेने २.७, आणि चांगल्या ड्रायव्हरवर सगळा प्रवास मिळून १० च्या आसपास. विंडोजवर इंटरफेस कंपनीचा स्वतःचा असिओ (ASIO) ड्रायव्हर टाकलेला हवा, नाहीतर हे आकडे विसरा. दहा मिलिसेकंद म्हणजे किती? हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तेव्हा दहा मिलिसेकंदांत साडेतीन मीटरही होत नाही. भजनात समोरचा टाळकरी साधारण तेवढ्यावरच उभा असतो आणि कोणाचं काही बिघडत नाही. म्हणून गिटार किंवा कीबोर्ड वाजवणाऱ्याला दहा खपून जातात. गाणाऱ्याला मात्र खुपतात, कारण त्याचा आवाज त्याच्या हाडांतून कानाला आधीच पोचलेला असतो आणि हेडफोनमधला उशिरा येऊन त्याच्याशी भांडतो. आणि द्रुत लयीत, मिनिटाला २४० मात्रा चालल्या असताना, एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. त्यात चार बोल बसवले तर दोन बोलांमध्ये ६२. तिथे ४० चा उशीर म्हणजे तबलजीचा हातच बांधल्यासारखा.

ब्लूटूथ हेडफोन या कामाला अजिबात नको. त्यावर मी आणखी काही लिहीत नाही.

डायरेक्ट मॉनिटरवर गाताना आवाज कोरडा येतो, ही तक्रार लगेच पुढे येईल. कोरड्या आवाजात कोणालाच गावंसं वाटत नाही, न्हाणीघरात सगळे चांगले गातात ते उगीच नाही. इथे एक युक्ती आहे, ती मला फार उशिरा सुचली. रीपरमध्ये गळ्याच्या ट्रॅकचं मॉनिटरिंग चालू ठेवा, पण त्या ट्रॅकचा मास्टरकडे (सगळे ट्रॅक जिथे एकत्र होतात तिकडे) जाणारा रस्ता बंद करा. त्याऐवजी त्याचा सेंड (आवाजाची प्रत पाठवणारी वाट) एका वेगळ्या ट्रॅकला द्या, तिथे रिव्हर्ब, म्हणजे घुमारा देणारा इफेक्ट, लावा, पूर्ण ओला, कोरडा अंश शून्य. आता मूळ आवाज इंटरफेसमधून तत्काळ येतो आणि फक्त घुमारा कॉम्प्युटरमधून उशिरा येतो. घुमारा तर उशिराच यायचा असतो, देवळाच्या गाभाऱ्यातही तो उशिराच येतो. त्यामुळे वीस-तीस मिलिसेकंद कोणाला कळतसुद्धा नाहीत. रेकॉर्ड होतं ते कोरडंच. फक्त घुमारा बेताचा ठेवा. तो फार झाला की गाणारा स्वर लांबवायचा सोडून देतो, त्याचं काम रिव्हर्बच करतोय असं त्याला वाटतं.

तुमच्या तबलजीकडे येतो. गायकाचं गणित त्याला लावू नका. तबला, ढोलकी, पेटी ही वाद्यं वाजवणाऱ्याच्या मांडीपाशी असतात आणि कितीही बंद कप असला तरी त्यांचा आवाज कानात शिरतोच. वर डायरेक्ट मॉनिटर चालू ठेवला तर तबला दुप्पट झाला आणि बाकी सगळं बुडालं. तबलजीच्या कानात तबला नको. डायरेक्ट मॉनिटर बंद करा, हा अर्ध्या मिनिटाचा उपाय आहे आणि निम्मी तक्रार इथेच संपेल.

उरलेली निम्मी क्लिकची. मजा अशी की तबलजी अगदी अचूक वाजवत असेल तरच त्याला क्लिक ऐकू येत नाही. त्याचा घाव आणि क्लिक एकाच क्षणी पडतात, मोठा घाव बारीक टिकेला झाकून टाकतो. हात जरा पुढेमागे झाला की क्लिक पुन्हा ऐकू यायला लागतो. म्हणजे 'क्लिक ऐकू येत नाही' ही तक्रार अर्धी शाबासकी आहे. पण तबलजीला ते पटत नाही, क्लिक गेला असं वाटून तो चाचपडतो, वाढवून मागतो, आणि तो वाढवलेला क्लिक मग माइकमध्ये उतरतो.

म्हणून क्लिक मोठा करू नका, वेगळा करा. रीपरचा मूळचा क्लिक म्हणजे बीप, त्याला स्वर आहे. सुरात लावलेल्या तबल्याचे उपस्वर (मूळ स्वराबरोबर उमटणारे वरचे बारीक स्वर) मूळ स्वराच्या पटीत पडतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवून दिलं. इतर बहुतेक चामड्याच्या वाद्यांत तसं होत नाही, तबल्यावरच्या काळ्या लेपाची, शाईची ती करामत आहे. तेव्हा स्वर असलेली बीप तबल्याच्या त्या उपस्वरांत मीठ पाण्यात विरघळावं तशी विरघळते. लाकडी, बिनस्वराचा टिचका वेगळा उठून येतो. दुसरं, क्लिक मात्रेवर न ठेवता अर्ध्या मात्रेवर सरकवा. विलंबित किंवा मध्य लयीच्या भजनी ठेक्यात दोन घावांच्या मधल्या मोकळ्या जागेत तो अगदी कमी आवाजातही स्पष्ट येतो. सुरुवातीला तबलजी गोंधळतो, एक आवर्तन सरळ क्लिकचं देऊन मग सरकता दिला की दहा मिनिटांत बसतं. लग्गीला (जलद, भरगच्च वादनाला) ही युक्ती चालत नाही, तिथे मोकळी जागाच राहत नाही. लग्गीच्या वेळी पेटी वाढवा आणि क्लिक जाऊ द्या.

अभंगासाठी मी क्लिक वापरतच नाही. चिपळीचा एक टिचका रेकॉर्ड करून ठेवलाय, तोच आठ मात्रांवर मांडतो, समेचा जरा मोठा. चिपळीचा आवाज तोकडा असतो, रेंगाळत नाही. टाळ घेऊ नका, त्याची आस लांबते. आणि समजा चिपळी हेडफोनमधून निसटून माइकमध्ये उतरलीच, तर अभंगात चिपळी आहे असंच लोक समजतील! बीप उतरली तर मात्र लपवायला जागा नाही. हाच हिशेब तानपुऱ्यालाही. तानपुरा कानात जरा सढळ ठेवला आणि तो माइकमध्ये झिरपला तरी शेवटी तो गाण्यात असणारच आहे. झिरपलं तर काय खपेल आणि काय नाही, हे पाहून कानातलं प्रमाण ठरवायचं.

क्लिक कुठे हमखास पकडला जातो? गाण्याच्या शेवटी. सगळी वाद्यं थांबतात, गळा शेवटच्या स्वरावर टेकतो, आणि त्या शांततेत हेडफोनमधली टिकटिक माइकमध्ये सरळ चालत येते. रीपरमध्ये 'क्लिक सोर्स' म्हणून क्लिक ट्रॅकवर टाकता येतो, इन्सर्ट मेनूत आहे. मग तो साध्या ऑडिओसारखा कापता येतो, शेवटच्या दोन आवर्तनांत हळूहळू उतरवता येतो. मेट्रोनोम नुसता चालू करून ठेवला तर तो शेवटच्या श्वासापर्यंत टिकटिकत राहतो. माझं एक अख्खं मानपत्र-गीत असं गेलंय. शेवटचा 'सा' सुंदर लागला होता, आणि त्याच्याखाली घड्याळ.

आता गळा उतरण्याचं. इथे मी जरा जपून बोलतो, कारण कारणं अनेक असतात आणि रियाज हे त्यातलं पहिलं. पण प्रमाण बदलल्यावर स्वर सुधारलेले मी इतक्यांदा पाहिलेत की आधी प्रमाण तपासतो. माझी नोंद अशी. गाणारा स्वतःला ऐकू येत नसला की जोर लावतो आणि बहुधा चढतो. स्वतःला फार जास्त ऐकू येत असला की आवाज सैल सोडतो आणि उतरतो. आणि सगळंच फार मोठं असलं की कणसूर होतो, कधी इकडे, कधी तिकडे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९३५ मध्ये मोजून दाखवलं होतं की शुद्ध स्वराचा आवाज मोठा केला की खालचा स्वर किंचित उतरल्यासारखा आणि बराच वरचा किंचित चढल्यासारखा भासतो. पेटी-तानपुऱ्यासारख्या मिश्र स्वरांत हा परिणाम फार थोडा, पण हेडफोन दोन घरं खाली आणून पाहायला पैसे पडत नाहीत. तुम्हाला स्वतःचा आवाज सापडत नाही, तरी तुम्ही चढत नाही, उतरता. तुमच्या बाबतीत मला वाटतं, पेटी कानात इतकी पसरलीय की तार षड्ज लागलाय की नाही हे तुम्हाला पोचतच नाही. अंदाजाने गाताय आणि अंदाज खाली पडतोय.

यावर मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट कोणत्या मॅन्युअलमध्ये मिळाली नाही, बैठकीत मिळाली. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या स्मृतीला दरवर्षी गाणं होतं. तिथे एकदा मागे बसून मी गाणं सोडून बसण्याची पद्धत बघत होतो. तानपुरे गायकाच्या मागे, दोन्ही कानांच्या जवळ. तबला त्याच्या उजव्या हाताला, पेटी डाव्या हाताला. म्हणजे स्वराचा आधार दोन्ही कानांना लागून, लय एका बाजूला, साथ दुसऱ्या बाजूला, आणि मधली सगळी जागा त्याच्या स्वतःच्या गळ्याला मोकळी. हा मॉनिटर मिक्सच आहे, फक्त विजेशिवायचा. घरी येऊन हेडफोनमध्ये तेच मांडलं: तानपुरा दोन्ही कानांत, पेटी बरीच डावीकडे, तबला उजवीकडे, गळा मधोमध. एकाही फेडरला हात न लावता गाणाऱ्याला स्वतःचा आवाज सापडायला लागला. तुमच्या इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर स्टिरिओत असेल तर मात्र पहिल्या इनपुटचा माइक फक्त डाव्या कानात येईल आणि पेटीच्याच अंगावर बसेल. तिथे मोनोचा पर्याय असला तर तो घ्या.

तानपुरा कुठला, असं विचारू नका. मिरजेत राहून मोबाइलमधला तानपुरा लावतो म्हणून इथले सतारमेकर मला हसतात. २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर जास्तच. पण ओव्हरडबचं, म्हणजे आधीच्या ट्रॅकवर एकेक नवा ट्रॅक चढवण्याचं, काम तीन-चार संध्याकाळी चालतं आणि पावसाळी हवेत खरा तानपुरा रोज थोडा हलतो. कानात ऐकायला यंत्रातला, न हलणारा. शेवटच्या मिक्समध्ये खरा वाजवून घ्यायचा, त्या जवारीला (तारेच्या त्या भरीव झंकाराला) पर्याय नाही.

एक कान उघडा ठेवून गायचं का? बरेच जण गातात, मला मान्य आहे. बंद कपांत स्वतःचा आवाज घागरीत बोलल्यासारखा जड येतो, एक कप सरकवला की तो मोकळा होतो. पण सरकवलेला कप हवेत वाजत राहतो आणि माइकमध्ये उतरायला तोच पहिला. तो डोक्याच्या हाडावर दाबून बसवा, किंवा त्या बाजूचं चॅनेलच बंद करा.

आणि काही माणसांना हेडफोन नकोच असतो. तासगावकडच्या एका भजनी मंडळाचे बुवा, सत्तरी ओलांडलेले, टोपीवरूनच हेडफोन घालून उभे राहिले. एक ओळ गायले आणि काढून माझ्या हातात दिला. 'बाळ, ह्यात मला माझाच आवाज परका वाटतोय.' त्यांना मी स्पीकरवर गायला लावलं. माइक कार्डिऑइड होता, त्याला पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकू येतं. म्हणून स्पीकर बरोबर माइकच्या पाठीशी ठेवला, तोंड बुवांकडे, आवाज बेताचा, आत फक्त तानपुरा, पेटी आणि चिपळी. गाणं झाल्यावर बुवांना म्हटलं, आता असेच उभे राहा आणि काही गाऊ नका, आम्ही तोच ट्रॅक परत वाजवून परत रेकॉर्ड करतो. मग ती दुसरी, मुकी रेकॉर्डिंग उलट्या पोलॅरिटीने, म्हणजे लहरीचा चढ तिथे उतार करून, पहिलीवर बसवली. स्पीकरमधून झिरपलेलं बरंचसं आपोआप कापलं गेलं, गळा तेवढा राहिला. अट एकच, मधल्या काळात माइक, स्पीकर, आवाज, माणूस, काहीही हलता कामा नये. चार मिनिटं गप्प उभं राहणं बुवांना गाण्यापेक्षा जड गेलं, मध्येच 'पांडुरंग' म्हणाले आणि पुन्हा घ्यावं लागलं.

कानांबद्दल एवढंच. अमेरिकेतल्या नायोश (NIOSH) या कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने घालून दिलेली मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, १०० ला पंधरा मिनिटं. ओव्हरडबमध्ये आवाज नकळत चढत जातो, कारण प्रत्येक नवा ट्रॅक आला की आपण नॉब थोडा वर घेतो. तासाभराने हेडफोन काढून खाली ठेवा, चहा घ्या, भडंग खा, आणि परत येताना नॉब शून्यावरून वर आणा. आधीच्या जागी तो परत जात नाही, प्रत्येक वेळी थोडा खालीच थांबतो.

पेटीची नॉर्मलाइज करण्याआधीची मूळ फाइल असेल तर तीच परत लावा. मग एक चाचणी करा. तुमच्या नेहमीच्या प्रमाणात 'साथ' वाजू द्या, हेडफोन डोक्यावर, माइकसमोर उभे राहा, आणि दहा सेकंद न गाता रेकॉर्ड करा. गायच्या वेळी शिखर मायनस १२ ला जात असेल तर या दहा सेकंदांची पातळी मायनस ५० च्या खाली असायला हवी. मायनस ४० दिसलं तर कप नीट बसलेला नाही किंवा साथ अजून मोठी आहे. ती फाइल मोठी करून ऐका, आणि त्यात नेमकं काय ऐकू येतं, पेटी की क्लिक की शेजारच्यांचा मिक्सर, ते मला कळवा. तबल्याचं त्यानंतर बघू.